मुक्कामाची उंची जाहिरातीत छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सहलींच्या जाहिराती येतात त्या मी हल्ली हातात पेन्सिल घेऊन वाचते. घरचे हसतात, हसू देत. गेल्या वर्षी सप्टेंबरात आम्ही बावीस जण ग्रुप टूरने किन्नौर-स्पितीला जाऊन आलो, म्हणजे हिमाचलच पण शिमला-मनालीच्या मागचं, पार तिबेटच्या हद्दीला टेकलेलं, आणि तिथून आल्यापासून मी प्रत्येक जाहिरातीत एकच गोष्ट शोधते आणि ती काही सापडत नाही. किती दिवस, किती पॉइंट, विमानासकट की विमानाशिवाय, शुद्ध शाकाहारी, सोबत आपला महाराज, सगळं असतं. फक्त रात्री ज्या गावात झोपायचं ते गाव किती उंचीवर आहे तेवढं नसतं. हे पत्र त्यासाठी.

मी सगळी नोकरी बँकेत केली, त्यामुळे आकडे दिसले की ताळा करून बघायची खोड आहे. पण बुकिंगच्या वेळी ती खोड झोपली होती हे आधीच कबूल करते. तेव्हा मी फक्त स्वेटर किती घ्यायचे आणि बाथरूममध्ये गरम पाणी आहे ना एवढंच विचारलं होतं.

कार्यक्रम असा होता. चंदीगडहून मनाली, तिथे एक रात्र, दुसऱ्या दिवशी अटल टनेलमधून पलीकडे निघून ग्राम्फू, बातल, कुंझुमची खिंड आणि संध्याकाळी काझा, जे स्पितीतलं मुख्य गाव. मग तिथून ताबो, नाको, कल्पा, सांगला आणि शेवटी शिमला. कागदावर एकदम छान दिसतं. आता प्रत्येक नावापुढे उंची लिहून बघा. मनाली साधारण २,०५० मीटर आणि काझा साधारण ३,६५०. म्हणजे एका रात्रीत सोळाशे मीटर वर, मध्ये कुंझुम साडेचार हजारावर ते वेगळंच. वर हवा विरळ असते, म्हणून डॉक्टर लोकांचा नियम असा आहे की तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस जास्तीचा थांबायचं. दिवसा फिरायला वर जाऊन आलात तरी एक वेळ चालतं, झोपायला खाली या. इतकी साधी गोष्ट, आणि आमच्या बावीसातल्या एकालाही माहीत नव्हती, मॅनेजरलाही नाही, पोरगा बिचारा पंचविशीतला, त्याचीच ती दुसरी खेप.

आमच्या गाडीचे ड्रायव्हर किन्नौरचे होते, हिरव्या मखमली पट्टीची ती गोल टोपी असते ना, ती कायम डोक्यावर. ते मनालीतच म्हणाले होते, "उल्टा घुमा रहे हैं आप लोगों को." शिमल्याकडून आलं की माणूस रोज थोडा थोडा चढतो आणि अंगाला सवय होत जाते, मनालीकडून एकदम वर. आम्हाला वाटलं त्यांना त्यांच्या गावावरून जायचं असेल म्हणून म्हणतात. पहाटे चारला निघा म्हणाले कारण दुपारी वरचं बर्फ वितळून रस्त्यात आडव्या येणाऱ्या नाल्यांना पाणी चढतं, तर आम्ही नाश्ता करून साडेसातला निघालो. ग्राम्फूच्या पुढे रस्ता असा नाहीच, नदीतले गोटे बाजूला सारून जागा केलीये इतकंच. एका नाल्यापाशी पाणी चांगलंच चढलेलं होतं, सगळ्यांना उतरवलं, आणि पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून त्या बर्फाच्या पाण्यातून दगडादगडावरून आम्ही पलीकडे गेलो, मागून रिकामी टेम्पो ट्रॅव्हलर हेलकावे खात आली. तेव्हा मज्जा वाटली खरं तर, रील्स निघाल्या. कुंझुमला देवीचं मंदिर आहे आणि तिथली पद्धत अशी की येणारीजाणारी गाडी देवळाला एक प्रदक्षिणा घालून मग पुढे जाते. ड्रायव्हरदादांनी गाडी वळवली तर मागून आवाज, "अहो कशाला, उशीर होतोय." त्यांनी काही उत्तर दिलं नाही, पूर्ण प्रदक्षिणा घातली, हात जोडले आणि निघाले. माझं डोकं तोपर्यंत घणघणायला लागलं होतं.

रात्री काझाला पोचलो तर जेवायला कोणी येईना. महाराजांनी डाळ-भात केलेला, भात मध्ये कच्चा, ते वैतागले होते. तिथे पाणी शंभरला नाही तर अठ्ठ्याऐंशीच्या आसपासच उकळायला लागतं, मोठ्या उघड्या पातेल्यात भात होणार कसा. पण भाताचं कोणाला पडलं होतं, निम्मी मंडळी उलटीच्या भीतीने झोपलेली. रात्री दोनला शेजारच्या खोलीतल्या काकूंनी दार वाजवलं. काका पलंगावर बसूनच होते, आडवं झालं की धाप लागत होती, बोलणं जरा अडखळत होतं. वय सदुसष्ट, एरवी रोज पाच किलोमीटर चालणारे, म्हणजे व्यायामाचा आणि ह्याचा काही संबंध नाही हे पण लक्षात घ्या. गावातल्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथल्या तरुण डॉक्टरने बोटाला ते मशीन लावलं, आकडा ऐंशीच्या खाली. ऑक्सिजन लावला, गोळ्या-इंजेक्शन दिलं, आणि सकाळी उजाडल्यावर स्वच्छ सांगितलं की याचं खरं औषध एकच, खाली न्या. आणि आमच्या कार्यक्रमात त्या दिवशी काय होतं तर लांगझा, हिक्कीम, कोमिक. तिन्ही गावं ४,४०० मीटर आणि त्याच्या वर.

मॅनेजर म्हणाला काका हॉटेलवर आराम करतील, ऑक्सिजनचा डबा देतो. मला राग येतो तो याचा. त्या पोराचा नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. शेवटी ड्रायव्हरदादांनीच त्यांच्या ओळखीची एक गाडी आणून उभी केली आणि काका, काकू, आमचे हे आणि मी असे चौघं ताबोला उतरलो. जेमतेम सत्तेचाळीस किलोमीटर, पण उंची ३,२८०. संध्याकाळपर्यंत काकांनी चहा मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात उन्हात बसून पेपर नाही म्हणून कुरकुरत होते, तेव्हा काकूंच्या डोळ्यात पहिल्यांदा पाणी आलं.

आता जे सांगतेय ते थोडं विचित्र वाटेल. आमच्या अख्ख्या टूरमधले सगळ्यात चांगले दिवस ते दोन, जे कार्यक्रमात नव्हतेच. हॉटेल मिळालं नाही म्हणून एका घरात राहिलो. मातीच्या जाड भिंती, सपाट धाब्यावर कडेने जळणाची लाकडं आणि चारा रचून ठेवलेला, मधल्या खोलीत लोखंडी शेगडी, तिचा धुराडा छतातून वर गेलेला. घरातल्या आजींना सगळे आमा म्हणत, आम्हीही म्हणायला लागलो. त्यांना हिंदी बेताची, आम्हाला त्यांची भाषा शून्य, जुले, म्हणजे नमस्कार, एवढा एकच शब्द दोन्हीकडून. लोणी आणि मीठ घातलेला चहा. भिंतीला ते चहा घुसळायचं लांबुळकं लाकडी नळकांडं टांगलेलं होतं, मी कौतुकाने बोट दाखवलं तर सून हसली आणि चहा मिक्सरमध्ये फिरवला. आता तिथली गंमत अशी की पाहुण्याचा कप रिकामा ठेवायचा नाही, एक घोट घेतला की लगेच वरपर्यंत भरणार. आम्हाला आपलं ताटातलं संपवायची सवय, काका बिचारे संपवतायत आणि आमा भरतायत, सहाव्या की सातव्या कपाला सुनेला दया आली आणि तिने सांगितलं की नको असेल तर भरलेला तसाच ठेवा, उठायच्या वेळी प्या.

संडासाचं पण लिहिते, कारण त्याच्यावरून आमच्या ग्रुपमध्ये निघायच्या आधीपासून व्हॉट्सॲपवर युद्ध झालं होतं. त्या घरात जुन्या पद्धतीचा कोरडा संडास होता. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली, मातीच्या जमिनीत लांबट भोक, कोपऱ्यात कोरड्या मातीचा आणि राखेचा ढीग आणि फावडं. झालं की दोन फावडी माती लोटायची. खाली साठतं, त्याचं खत होतं आणि वसंतात ते शेतात जातं. वास? आपल्या एसटी स्टँडच्या मानाने काहीच नाही, शप्पथ. स्पितीत पाऊस जवळजवळ पडतच नाही, थंड वाळवंट आहे ते, शेती चालते ती वरच्या बर्फाचं पाणी कुहल नावाच्या छोट्या पाटांनी खाली आणून, आणि त्या पाण्याची पाळी असते आपल्याकडे कॅनॉलची असते तशीच. हिवाळ्यात पाइप गोठतात. अशा ठिकाणी आम्ही बावीस जण दर वेळी फ्लशची टाकी रिकामी करणार आणि बादलीभर गरम पाणी कुठाय म्हणून रिसेप्शनला ओरडणार. मी पण ओरडलेय काझाला, मी काही वेगळी नाही.

दुसऱ्या दिवशी सून मटार तोडायला निघाली, मी पण गेले. खाली मैदानात मटार नसतो त्या दिवसांत इथला तयार होतो, म्हणून चांगला भाव मिळतो आणि म्हणून जवाच्या बरोबरीने हल्ली सगळीकडे मटार. शेवटची तोडणी होती. बायका ओळीत वाकून तोडतायत, एकीकडे गाणं, एकीकडे कोणाची तरी टिंगल चाललेली असणार कारण मध्येच सगळ्या खिदळायच्या, रस्त्याच्या कडेला पोती शिवून ट्रकची वाट बघत उभी. मी दहा मिनिटांत दमले, दम लागला म्हणून बसले आणि शेंगा सोलून खात राहिले. इतका गोड मटार मी आयुष्यात खाल्ला नाही.

आणि ताबोचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ. इ.स. ९९६ मधला आहे, हजार वर्षं उलटली, आणि अजून तिथे पूजा चालू आहे. बाहेरून बघाल तर मातीचे ठोकळे, काही म्हणजे काही वाटत नाही. १९७५ च्या जानेवारीत किन्नौरला मोठा भूकंप झाला त्यात ह्याला बराच मार बसला, शेजारी नवी इमारत त्यानंतरची. जुन्या मुख्य सभागृहात वाकून आत गेलं की आधी दिसतच नाही काही. वरच्या छोट्या झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. मी भिंतीला टेकून बसून राहिले, पाच मिनिटं गेली, दहा गेली, आणि मग अंधारातून एकेक आकृती पुढे यायला लागली, आधी भिंतीवर उंच बसवलेल्या मातीच्या मूर्ती, माणसाएवढ्या, मग त्यांच्या खालचे रंग, एक निळा, एक विटकरी, मग छोटी छोटी माणसं, घोडे, नावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो तिथे. पहिल्या दिवशी मी तासभर बसले, दुसऱ्या दिवशी परत गेले.

तिसऱ्या दिवशी आमचा ग्रुप आला. मी आतच होते. बाहेर टेम्पो ट्रॅव्हलरची दारं वाजली, मॅनेजरचा आवाज आला, "चला पटपट, चाळीस मिनिटं फक्त, मग नाको," आणि आपली माणसं आत आली. मला त्यांना बघून इतका आनंद झाला होता आणि त्याच वेळी आपल्याच माणसांची लाज वाटली, काय सांगू. आत फोटोला बंदी आहे, बाहेर पाटी आहे. तरी कोणाच्या तरी मोबाइलचा फ्लॅश पडलाच. कोपऱ्यात बसलेले म्हातारे लामा उठले, काही बोलले नाहीत, त्या मोबाइलच्या पुढे फक्त आपला तळहात धरला आणि मोबाइल खाली जाईपर्यंत तसेच उभे राहिले. "काही दिसतच नाहीये हो, लाइट नाही का," असं म्हणत मंडळी चार-पाच मिनिटांत बाहेर. त्यांचं पण काय चुकलं, चाळीस मिनिटांत चहा, बाथरूम आणि हजार वर्षं बसवायची होती.

गाडीत एका ताईंनी पर्समधून काळा गुळगुळीत दगड काढून दाखवला, आत शंखासारखं वेटोळं. लांगझाला पोरांकडून विकत घेतलेला. तो म्हणजे आपल्या देवघरातला शाळिग्राम असतो ना, त्याच जातीचा, अमोनाइट नावाच्या समुद्री जिवाचा जीवाश्म. गंडकीतले शाळिग्राम ते पण हेच. हिमालय उभा राहायच्या आधी तिथे टेथिस समुद्र होता, त्याचा तळ आज साडेचार हजार मीटरवर आहे, हे मला ताबोतल्या एका शाळामास्तरांनी सांगितलं आणि हेही सांगितलं की टुरिस्ट विकत घेतात म्हणून पोरं शाळा सोडून दगड फोडत फिरतात, डोंगर रिकामा होत चाललाय. मी ताईंना ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. लांगझा, हिक्कीम आणि 'की' नावाचा गोंपा माझं बघायचं राहिलं याची हळहळ आहेच, खोटं कशाला बोलू.

नाको सोडलं तर पुढचा प्रवास उतरणीचा म्हणून सगळे ताजेतवाने. कल्प्याला पहाटे समोर किन्नर कैलास, सांगल्याच्या वर कामरूचा लाकडी किल्ला, तिथे आत जायचं तर टोपी आणि कमरेला पट्टा बांधावाच लागतो, दारातच देतात, आणि गंमत म्हणजे ते बंधन सगळ्यांनी हौसेने पाळलं. सफरचंदं लगडलेली. पण हा रस्ता काही खेळ नाही, २०२१ च्या जुलैत सांगल्याजवळ बटसेरीला डोंगरावरून दगड सुटून पर्यटकांच्या गाडीवर आले आणि नऊ जण गेले, म्हणून ऐन पावसाळ्यात तिथली बुकिंगं घेणं मला तरी पटत नाही.

तर घरी आल्यावर टूरवाल्यांच्या ऑफिसात फोन केला. त्यांचं म्हणणं, मनालीची हॉटेलं शनिवार-रविवार भरलेली असतात म्हणून आम्ही ती आठवड्याच्या मधल्या दिवशी आधी उरकतो, म्हणजे रेट चांगला पडतो. बरं. म्हणजे हॉटेलच्या रेटसाठी बावीस जणांना सोळाशे मीटर वर फेकलं. आणि ही गोल फेरी आहे हो, शिमल्याकडून आत शिरून मनालीकडून बाहेर पडलं तरी गावं तीच, खर्च थोडा इकडेतिकडे. शिमला २,२००, सांगला २,७००, कल्पा २,९६०, मग नाको दिवसा बघून मुक्कामाला ताबो ३,२८०, दोन रात्री, मग काझा ३,६५०. मी पेन्सिलीने करून बघितलं, एका रात्रीची उडी पाचशेच्या वर जात नाही. नाकोला झोपलात तर मात्र जाते, ते साडेतीन हजाराच्या वर आहे. मनालीकडचा कुंझुम बर्फाने कित्येक महिने बंद असतो, तेव्हा तर शिमल्याकडूनच जाऊन यावं लागतं, तीही वाट आहेच. परवा एका जाहिरातीत मनालीनंतरचा पहिलाच मुक्काम चंद्रताल तळ्याजवळच्या तंबूत दिसला, ४,३०० मीटरच्या आसपास, खाली गोल अक्षरात "ज्येष्ठांसाठी खास". मी ती कापून ठेवलीय.

माझी मागणी फार नाही. तुमचा पेपर जाहिराती छापतो, तुमचं लोक ऐकतात. डोंगरातल्या टूरच्या जाहिरातीत प्रत्येक मुक्कामापुढे कंसात उंची छापा असं तुम्ही जाहिरातदारांना सांगू शकता, चार आकडे तर आहेत. आकडा छापावा लागला की निम्मे कार्यक्रम आपोआप सरळ होतील, कारण कोणीतरी माझ्यासारखं पेन्सिल घेऊन बसणारच. आणि वाचकांनी बुकिंगच्या वेळी गरम पाण्याच्या आधी हे विचारावं, आणि एक तरी रात्र गावातल्या घरात आहे का ते विचारावं, महाराजांना एक दिवस सुट्टी द्यावी. ज्यांना रक्तदाब, दमा, हृदयाचं काही आहे त्यांनी निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना मार्ग दाखवावा, नुसतं हिमाचलला चाललोय एवढं सांगून उपयोग नाही, मनाली पण हिमाचल आणि कोमिक पण हिमाचल.

काका ठणठणीत आहेत. पुढच्या वर्षी परत ताबोलाच जायचं म्हणतायत, काकू तयार नाहीत.

आपली,
एक नियमित वाचक

ता.क. पत्र लांबलंय ते कळतंय मला. जागा नसेल तर शाळिग्रामाचं कापा, संडासाचं पण कापलंत तरी चालेल, उंचीचे आकडे तेवढे राहू द्या.